गृहशिक्षण आणि समभाव
(धानोरा येथील व्याख्यान)



मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि घरालाच शाळेचे रूप आले. अभ्यासाबरोबर घरात कलहही शिरला. श्रावकास सामायिकाची ४८ मिनिटे परिचित आहेत. एका बैठकीस तेवढा काळ पुरे, लहानांस त्याहूनही कमी. नंतर मुलास मोकळे सोडावे. गणित चुकल्यास, त्याने ते कसे सोडविले हे प्रथम ऐकून घ्यावे. अनेकान्ताचा घरगुती पाठ तो हाच. तरीही कठोर शब्द गेलाच, तर संवत्सरीची वाट पाहू नये. त्याच सायंकाळी माता-पित्यांनी बालकास ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे. मागे राहिलेला धडा उद्या भरून निघतो. दुखावलेले मन मात्र क्षमेनेच सांधले जाते.

जय जिनेंद्र!