कोंबडीखत घेताना : 'सेंद्रिय' सोमलाचे रसायन



सोमल आपण उंदराच्या विषामुळे ओळखतो. ते आर्सेनिकचे ऑक्साइड. पण 'सेंद्रिय आर्सेनिक' म्हटले की ते निरुपद्रवी असावे असे वाटते. येथे गल्लत होते. सेंद्रिय शेतीतील सेंद्रिय वेगळे. रसायनशास्त्रात ज्या संयुगात आर्सेनिक कार्बनशी जोडलेले असते, ते सेंद्रिय. मासळीतील आर्सेनोबीटेन जवळजवळ निरुपद्रवी असते. सगळीच संयुगे तशी नसतात.

रोक्झारसोनचे उदाहरण घ्या. अमेरिकेत १९४४ पासून कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवण आटोक्यात राहावी, वजन वाढावे म्हणून ते टनाला २५ ते ५० ग्रॅम मिसळत. त्याच्या वजनाचा सुमारे २८ टक्के भाग आर्सेनिक असतो. कोंबडी ते बहुतांशी जसेच्या तसे विष्ठेतून टाकते. पुढे ओल्या लिटरमध्ये जिवाणू त्याचे रेणू मोडतात आणि असेंद्रिय, म्हणजे अधिक विषारी व कर्करोगकारक आर्सेनिक मोकळे होते. २०११ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाला असे खाद्य दिलेल्या कोंबड्यांच्या यकृतातही असेंद्रिय आर्सेनिक वाढलेले आढळले. विक्री थांबली, पुढे मान्यता गेली. याच गटातील शेवटचे औषध नायटारसोन, तेही २०१५ अखेर बंद झाले.

आपला संबंध खताशी. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. कितीही कुजवले तरी ते नष्ट होत नाही. समजा, खतात किलोला २० मिलिग्रॅम आर्सेनिक आहे. हेक्टरी ५ टन खत टाकले, तर १०० ग्रॅम आर्सेनिक शेतात गेले. दरवर्षी टाकले, तर ते साठत जाते.

वाफशाच्या जमिनीत लोहाची ऑक्साइडे त्याला धरून ठेवतात. भातखाचरात पाणी साचले की ती विरघळतात, आर्सेनिक सुटते आणि भाताची मुळे ते शोषतात. तेथील जिवाणू त्यापासून डायमिथाइल आर्सिनिक आम्लही तयार करतात. ते जास्त झाल्यास लोंब्या पोचट राहून ताठ उभ्या दिसतात.

म्हणून काय करावे?

१. खत घेण्यापूर्वी पक्ष्यांना कोणते खाद्य व औषधे दिली, ते विचारा. आर्सेनिकयुक्त औषध दिले असल्यास ते खत घेऊ नका.
२. खताचा ढीग विहीर व ओढ्यापासून दूर, पावसापासून झाकून ठेवा.
३. एकाच खाचरात वर्षानुवर्षे भारी मात्रा देऊ नका.
४. नेहमीच्या माती परीक्षणात आर्सेनिक पाहत नाहीत. शंका असल्यास तशी तपासणी वेगळी मागा.

कोंबडीखत उत्तमच आहे. पण त्याची पारख कोंबडीच्या खाद्यापासून करा, एवढेच सांगणे.