मायनस नंबर आणि डोळ्याचा पडदा



चष्म्याचा नंबर जुळला, स्पष्ट दिसू लागले, म्हणजे डोळा निर्दोष झाला अशी सर्वसाधारण समजूत असते. एक-दोन मायनस नंबर असणाऱ्यांना ती सहसा बाधत नाही. परंतु ज्यांचा नंबर उणे ६ किंवा त्याहून अधिक आहे, त्यांच्या बाबतीत हीच समजूत दृष्टीवर बेतू शकते.

प्रौढ माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरने वाढली, की नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. तीव्र ऱ्हस्वदृष्टीत ती २६ मिलिमीटरच्या पुढे, क्वचित ३० च्याही पुढे जाते. डोळ्याची मागील भिंत ताणली जाऊन पातळ होते, काहींच्या डोळ्यात मागे खोलगट फुगवटाही येतो. चष्म्याचे भिंग प्रतिमा योग्य जागी आणते, ताणलेली भिंत पूर्ववत करीत नाही. विवाह ठरण्यापूर्वी लेसर करून चष्मा घालविलेल्या मुलामुलींचा डोळाही आत तेवढाच लांब राहतो, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

या भिंतीच्या आतून दृष्टिपटल, म्हणजे बोलीभाषेतील ‘पडदा’, पसरलेला असतो. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्यांना पुढची गोष्ट चटकन समजेल. अंगरखा बाहेरून सैल होत गेला आणि अस्तर मात्र आखूड राहिले, तर शिवणीवर ताण येतो. दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावरील सूक्ष्म पटल असेच कमी ताणणारे असते. शिवाय डोळ्यातील काचाभ द्रव अशा डोळ्यांत लवकर पातळ होऊन सुटतो, पण त्याचा एखादा थर पडद्याला चिकटून राहतो. त्यावर पेशी वाढून झिल्ली तयार होते व ती आकसू लागते. भिंत मागे जाते, झिल्ली पुढे ओढते आणि मधल्या पडद्याचे थर एकमेकांपासून विलग होतात. कधी पडद्याच्या मध्यबिंदूला छिद्रही पडते.

हा विकार दीर्घकाळ नजरेआड राहिला, कारण वरवर पाहता असा पडदा चिकटलेलाच वाटतो. १९९१ साली पुढे आलेल्या ओसीटी तपासणीमुळे त्याचा आडवा छेद पाहता येऊ लागला. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला त्याच १९९९ साली, ताकानो व किशी या जपानी वैद्यकांनी ओसीटीद्वारे तीव्र ऱ्हस्वदृष्टीतील ही थरांची फूट दाखवून दिली.

झिल्ली आढळली की शस्त्रक्रिया हवीच, असे नाही. कित्येकांची दृष्टी वर्षानुवर्षे टिकते, तेथे ठरावीक अंतराने ओसीटी पुरेशी असते. दृष्टी खालावू लागल्यास काचाभ द्रव काढून झिल्ली सोलतात. मध्यबिंदू अतिशय नाजूक असल्याने काही शल्यविशारद तेवढाच भाग न सोलता ठेवतात. पडद्याच्या खालच्या थराला भेगा पडून नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, तर उपचार निराळा, म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. तेथे उशीर फार महागात पडतो.

एक डोळा अधू झाला तरी दुसरा त्याचे काम निभावून नेतो, म्हणून रुग्णाला कळतच नाही. स्वाध्यायाला बसताना एकेक डोळा झाकून पोथीची ओळ पाहावी. ती वाकडी, तुटक दिसली तर दिरंगाई नको. वीज चमकल्यासारखे दिसणे, अचानक काळे ठिपके वाढणे वा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे, ही त्याच दिवशी तपासणीस जाण्याची लक्षणे होत.

औंढा, सेनगाव, कळमनुरीकडील रुग्णास पडद्याच्या तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे बहुधा नांदेड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा एकट्याने मोटारसायकलवर जाऊ नये. अशा डोळ्यांत मोतीबिंदूही लवकर येतो. शस्त्रक्रियेपूर्वी पडदा तपासला नाही, तर नंतर अपेक्षेइतके दिसत नाही आणि दोष विनाकारण शल्यविशारदाच्या माथी येतो.

आणखी एक प्रश्न समाजात वारंवार विचारला जातो : नेत्रदानातून मिळालेला डोळा अशा रुग्णास उपयोगी पडेल काय? नेत्रदानातून बुबुळावरील पारदर्शक पटल बदलता येते. दृष्टिपटल बदलता येत नाही.