धान्याची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"वर्धापनदिनी तुम्ही बोलायचे," असे चिटणीसबाईंनी मला फर्मावले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मला गहू निवडण्यापलीकडे काय येते?" त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला." म्हणून आज मी धान्याला लागणाऱ्या किडीविषयी बोलणार आहे. विषय घरगुती आहे खरा. परंतु त्यापायी माझा धाकटा मुलगा हातचा जायची वेळ आली होती, म्हणून मला तो लहान वाटत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाईंचे राज्य होते. चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी व्हायची. गच्चीवर गहू वाळत, माजघरात कडुनिंबाचा पाला पसरलेला असे आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लागे. मी शिकलेली सून. मला हे सारे जुनाट वाटे. एका वर्षी सासूबाई गावी गेल्या होत्या. मी घाईघाईने पाला तोडला आणि ओला-सुका न बघता पिंपात घातला. पुढे झाकण उघडले तो बुरशीचा वास आणि आतला गहू हाताला गरम! दोष माझा होता, पण मी तो पाल्याच्या माथी मारला.

पुढल्या वर्षी कोणीसे सांगितले म्हणून धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या आणल्या. पिंप झोपायच्या खोलीतच होते. त्या रात्री धाकट्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, धाप लागली. माझेही डोके गरगरू लागले. खोलीत लसणासारखा वास भरला होता. आम्ही दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात धान्यात गोळ्या टाकल्या आहेत का?" मी मान खाली घातली. मुलगा वाचला. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी स्वतः पाला आणून माजघरात पसरला आणि म्हणाल्या, "बस माझ्याजवळ. या वेळी नीट बघ."

त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. त्या गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांच्या हातांसाठी आहेत. राहत्या घरात त्यांना जागा नाही. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. बोरिक पावडरसुद्धा पोटात जाण्याची वस्तू नव्हे.

आता सासूबाईंनी काय शिकवले आणि पुढे वाचून मला त्याचे काय कारण समजले, ते सांगते.

पहिले काम उन्हाचे. दाणा दाताखाली धरला असता कट्‌कन फुटला पाहिजे. नुसता चेपला तर अजून ऊन हवे. मात्र तापलेले धान्य तसेच डब्यात भरू नये. रात्रभर गार होऊ द्यावे, नाहीतर आत घाम धरतो. डबेही धुऊन कडकडीत वाळवावेत. जुन्या धान्याचा एक दाणासुद्धा खाली राहू देऊ नये. पुष्कळदा कीड तिथूनच येते.

दुसरे, पाला. तो सावलीत वाळवावा, कारण उन्हाने त्यातला गुण कमी होतो. हाताने चुरगळताच चुरा झाला म्हणजे वाळला. मग धान्याचा वीतभर थर, त्यावर पाला, असे भरीत जावे. कडुनिंबात अ‍ॅझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य आहे. ते किड्याची खाण्यावरची वासना उडवते आणि अळीची कात नीट टाकू देत नाही. ते 1968 साली इंग्लंडातील संशोधकांनी वेगळे काढले. त्याआधी, 1962 च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारले, तेव्हा टोळ त्या पिकांवर उतरले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. हे द्रव्य पाल्यापेक्षा निंबोळीत पुष्कळ अधिक असते. तरीही निंबोळीचे तेल खायच्या धान्याला लावू नये. ते लहान मुलांच्या पोटात गेल्यास अपाय होतो. ते बियाण्यापुरते ठीक.

तिसरे, एरंडेल. मूग, चवळी, हरभरा यांना जो भुंगा लागतो, त्याची मादी दाण्याच्या अंगावर अंडी चिकटवते. नीट पाहिले तर पांढरे ठिपके दिसतात. किलोला एक लहान चमचा तेल सगळ्या दाण्यांना चोळले की अंड्याला हवा मिळत नाही आणि ते जागीच मरते. एरंडेल नसेल तर गोडेतेलही चालते. परंतु गव्हा-तांदळातला सोंडा मोठा लबाड! त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून तोंड बुजवून टाकते. तिथे तेल फारसे पोहोचत नाही. म्हणून गहू-तांदळाला ऊन, कोरडेपणा आणि घट्ट झाकण यांचाच मुख्य आधार. पाला त्यांच्या मदतीला.

वेखंडाचा वासही किड्यांना सोसत नाही. पण त्याची पूड धान्यात मिसळू नये. खडे फडक्यात बांधून वरच्या बाजूला ठेवावेत.

एवढे करूनही एक गोष्ट विसरू नये. हे सारे उपाय राखणदार आहेत. चोर घरात शिरल्यावर राखणदार बसवून काय उपयोग? किडलेल्या धान्यात पाला घालून किडे मरत नाहीत. तसे धान्य चाळावे, निवडावे, पुन्हा उन्हात घालावे आणि लवकर संपवावे. दर पंधरा दिवसांनी डब्यात हात घालून पाहावे. धान्य गरम लागले की समजावे, आत कोणीतरी आहे.

आता आपल्यापैकी अनेकींच्या घरी गच्ची नाही, पिंप नाही. पाच-दहा किलोंचाच व्यवहार असतो. तरी खिडकीतले दोन तासांचे ऊन आणि चमचाभर एरंडेल कोणालाही जमण्यासारखे आहे. आणि ज्यांच्या घरी त्या गोळ्या असतील, त्यांनी घरातले धान्य विकत घेतले त्या दुकानदाराला नव्हे, तर आपल्या लेकरांच्या तोंडाकडे पाहून निर्णय घ्यावा. त्या घरात उघडू नयेत, कचऱ्यात वा पाण्यात टाकू नयेत. कृषी खात्याच्या माणसांना विचारून त्यांची वाट लावावी.

सासूबाई आज नाहीत. पण वैशाखात माजघरात पाला पसरला की त्यांचे "नीट बघ" हे शब्द अजून कानी येतात. तेच आपल्या हाती सोपवून मी आपली रजा घेते.