घरच्या हिशोबातील खात्यांची मांडणी

मावळ तालुक्यातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न एकाच वाटेने येत नाही. पवन मावळात किंवा आंदर मावळात वडिलोपार्जित भातखाचरे, लोणावळ्यात पर्यटकांना मुक्कामासाठी दिल्या जाणाऱ्या एकदोन खोल्या आणि तळेगावच्या एखाद्या कारखान्यातील पगार ही तिन्ही साधने एकाच घरात असू शकतात. परंतु सगळा पैसा एकाच बचत खात्यात येत-जात असल्यामुळे वर्षअखेर कोणत्या साधनाने घर चालवले आणि कोणत्या साधनावर घरचाच पैसा खर्च झाला, हे पासबुक पाहून कळत नाही. ते कळावे म्हणून आता संगणकावर घरगुती हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरता येते. मात्र त्याचा उपयोग किती होईल, हे त्यात खाती कशी मांडली आहेत यावरच अवलंबून असते.

अशा सॉफ्टवेअरपैकी १९९८ साली पहिली पूर्ण आवृत्ती निघालेले ग्नूकॅश हे विनामूल्य असून ते द्विनोंदी पद्धतीवर चालते. प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत लिहायचा, म्हणजे रक्कम जेथून गेली आणि जेथे आली त्या दोन्ही ठिकाणी तिची नोंद करायची, अशी ही पद्धत होय. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत रूढ असलेल्या या पद्धतीचे वर्णन लुका पाचोली याने १४९४ साली छापून प्रसिद्ध केले. महाराष्ट्रालाही शिस्तशीर हिशोब नवा नाही: पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील रोजकीर्दी जतन केलेल्या आहेत, आणि रोजचे व्यवहार क्रमाने कीर्दीत लिहून पुढे ते खात्यांनुसार खतावणीत उतरवण्याची रीत पेढ्यांवर दीर्घकाळ चालत आली. सॉफ्टवेअरमध्ये व्यवहार एकदाच भरला की खतावणी आपोआप होते. खाती ठरवण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

सर्व खाती पाच मुख्य शीर्षांखाली येतात. जवळ असलेले व येणे असलेले ते ‘मालमत्ता’, फेडायचे ते ‘देणी’, मिळकत ती ‘उत्पन्न’, वापरून संपलेले ते ‘खर्च’, आणि हिशोब सुरू करतानाची शिल्लक ज्यात दाखवायची ते ‘भांडवल’. या शीर्षांखाली उपखाती काढता येतात. मुख्य शीर्षात थेट नोंद होऊ नये अशी सोयही ग्नूकॅशमध्ये आहे, त्यामुळे प्रत्येक रक्कम नेमक्या उपखात्यातच जाते. मावळातील वर सांगितलेल्या कुटुंबाने ‘उत्पन्न’ आणि ‘खर्च’ या दोन्हींखाली शेती, खोल्या आणि घर असे समांतर विभाग केले, तर प्रत्येक साधनाची मिळकत आणि त्यासाठी लागलेला खर्च समोरासमोर येतो. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असले तरी काही परिस्थितीत कराचा दर ठरवताना ते विचारात घेतले जाते आणि खोल्यांचे उत्पन्न तर करपात्रच असते, म्हणूनही हे विभाग वेगळे हवेत.

भातशेतीत राबभाजणी, आवणी आणि खतांचा खर्च आधी होतो व पैसा सुगीनंतर हाती येतो. लोणावळ्यातील खोल्यांना मात्र ऐन पावसाळ्यात गिऱ्हाईक असते. महिन्याचा हिशोब पाहिला तर शेती नुसता खर्च करते असे भासते, म्हणून तिचा ताळा १ एप्रिल ते ३१ मार्च या पूर्ण वर्षाचाच पाहावा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणी जातीचे तांदूळ घरी खाण्यासाठी ठेवले जातात, त्यांचा रोख व्यवहार होत नाही. तरीही बाजारभावाने ती रक्कम शेतीच्या उत्पन्नात आणि घराच्या किराणा खर्चात अशी दोन्हीकडे लिहिली, तरच शेताने घराला काय दिले हे आकड्यांत दिसते.

दोन नोंदींत चूक हमखास होते. पाहुण्याने खोली राखून ठेवण्यासाठी २००० रुपये आगाऊ पाठवले, तर मुक्काम होईपर्यंत ती रक्कम परत करावी लागू शकते, म्हणून ती ‘देणी’खालील ‘पाहुण्यांची आगाऊ रक्कम’ या खात्यात लिहावी. एकूण भाडे ५००० रुपये असल्यास मुक्कामानंतर उरलेले ३००० रुपये रोखीत येतात, आगाऊ खात्यातील २००० तेथून कमी होतात आणि तेव्हाच खोल्यांच्या उत्पन्नात पूर्ण ५००० रुपये दिसतात. दुसरी चूक कर्जाच्या हप्त्याची. समजा, हप्ता ९००० रुपयांचा असून त्यात ५५०० व्याज आहे, तर तेवढेच खर्चात जाते. उरलेले ३५०० मुद्दल फेडतात, म्हणजे देणे तेवढ्याने घटते.

खाती मोजकी असावीत. प्रत्येक दुकानाचे किंवा प्रत्येक बियाण्याचे वेगळे खाते काढल्यास नोंद करणारा कंटाळतो आणि हिशोब मध्येच सुटतो; दुकानाचे नाव नोंदीच्या तपशिलात लिहिले तरी पुरते. ज्या खात्याची वर्षाची बेरीज पाहून कुटुंब एखादा निर्णय घेणार आहे, तेच खाते स्वतंत्र काढावे. महिन्यातून एकदा बँकेच्या विवरणाशी नोंदी जुळवून घ्याव्यात, कारण न जुळवलेल्या हिशोबावर घरातील कोणाचाही विश्वास बसत नाही.

श्रोत्यांनी येत्या १ एप्रिलपूर्वी घरातील सर्वांसह बसून आपली खाती कागदावर मांडावीत, ती सर्वांना समजली याची खात्री करून घ्यावी आणि मगच संगणक उघडावा. हिशोब एकाच माणसाच्या डोक्यात राहिला तर त्याच्या पश्चात घर अंधारात चाचपडते. नीट मांडलेली खाती घरातील प्रत्येकाला वाचता येतात, आणि जमीन राखायची की विकायची, खोली वाढवायची की नाही, हे निर्णय अंदाजाऐवजी आकड्यांच्या आधारे घेता येतात.