साधा सवाल



अलिबागच्या एस.टी.त शेजारचा सहज विचारतो, ‘आडनाव काय?’ आडनावानं भागलं नाही की पुढचं : ‘गावात कुठं राहता?’ बौद्धवाडी म्हटलं की गडी खिडकीबाहेर बघतो. हा सवाल सहज नाही. ही मोजपट्टी आहे.

साधी घागरही तशीच. आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं महाड घ्या. १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तसाच ठराव केला. भाषा स्वच्छ, पाणी मात्र बंद! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले, ओंजळीनं पाणी प्याले. मग सनातन्यांनी १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते तळ्यात ओतलं, म्हणे शुद्धी झाली. ढोरं पीत होती तेव्हा तळं बाटलं नव्हतं. नगरपालिकेनं आपलाच ठराव फिरवला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

म्हणून एस.टी.त मी आडनाव सांगत नाही. उलट विचारतो, ‘कशाला पाहिजे?’ दोनच शब्द. बहुतेक गप्प होतात. एक म्हातारा मात्र खरं बोलला, ‘सवय हो, दुसरं काय!’

आता तुम्ही विचारा. आडनाव सोडून काहीही.