निकाहनाम्यावरची तारीख

मौद्याच्या आमच्या बचत गटांत कागदपत्रं भरताना कधी जुना निकाहनामा पुढे येतो. त्यावर तारीख असते ती फक्त हिजरी. तिची इंग्रजी तारीख करून देणारी अ‍ॅप मोबाईलवर आहेत, उत्तर चटकन मिळतं. पण ते तसंच्या तसं अर्जात उतरवू नका.

हिजरी महिना चंद्र दिसला की लागतो, कधी २९ दिवसांचा, कधी ३०. अ‍ॅप चंद्र पाहत नाही, ठरलेला हिशेब करतं. आपल्या नागपूरच्या ताजबागेचंच घ्या. ताजुद्दीन बाबांचा उर्स २६ मोहर्रमला. बाबा गेले १७ ऑगस्ट १९२५ ला, सोमवारी. नेहमीच्या हिशेबाने मात्र त्या साली २६ मोहर्रम येतो १६ ऑगस्टला, रविवारी!

म्हणून निकाहनाम्यावर वार आहे का, ते आधी पाहा. अ‍ॅपच्या तारखेशी वार जुळत नसेल, तर एक दिवस मागेपुढे करून बघा. वारच नसेल तर निकाह पढवणाऱ्या काझींच्या नोंदवहीत पाहून या. दोन कागदांवर लग्नाच्या दोन तारखा पडल्या, की अर्ज परत येतो आणि खेटे बाईलाच घालावे लागतात.