देवीच्या टोचणीपासून कर्करोगाच्या लसीपर्यंत
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या या वार्षिक संमेलनात गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, जमाखर्च वाचून दाखविला जातो आणि मग एखाद्या वडीलधाऱ्या माणसास चार शब्द बोलावयास सांगितले जाते. आजवर अशा प्रसंगी आम्ही शिक्षण, काटकसर आणि ज्ञातीची एकजूट याच विषयांवर बोलत आलो. यंदा कार्यकारी मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, आणि आम्ही निवडलेला विषय ऐकून काही मंडळी जराशी बिचकली. सासवा, सुना, लेकी समोर बसलेल्या असताना हा विषय कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्या समोर बसल्या आहेत म्हणूनच, हे आमचे उत्तर. विषय आहे स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखास होणारा कर्करोग आणि त्यास अटकाव करणारी लस. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळामास्तरकी केलेला माणूस. परंतु वैद्यांनी जे सिद्ध केले ते सोपे करून सांगणे हे मास्तराचेच काम होय.

येथे जमलेल्यांपैकी जे साठीच्या पुढे गेले आहेत त्यांनी आपल्या दंडाकडे पाहावे. तेथे देवी काढल्याचा वण दिसेल. 'देवी काढणे' या शब्दांतच आपल्या समाजाचा केवढा इतिहास आहे! रोगास आपण देवी म्हणत होतो. ती घरात आली म्हणजे तिची मर्जी राखावयाची, कडुलिंबाचा पाला ठेवावयाचा आणि मूल वाचले तर तिचा प्रसाद मानावयाचा. हिंदुस्थानात या रोगावरील लस प्रथम टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस. ती लस बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली होती. तेव्हापासून देशातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळेपर्यंत पावणेदोनशे वर्षे लोटली. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हा रोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. देवीवरील श्रद्धा आपण सोडली नाही. पण देवीच्या नावाने होणारे मृत्यू मात्र थांबविले.

पोलिओचे उदाहरण तर आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी आम्ही शिक्षक मंडळी बूथवर बसत असू. पहिल्या वर्षी नाना शंका विचारणारे आईबाप पुढे स्वतःच पोरे कडेवर घेऊन येऊ लागले आणि करंगळीवरची शाई कौतुकाने दाखवू लागले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात त्या विषाणूचा नवा रोगी आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला.

या दोन्ही प्रसंगी आडवी आली ती भीती. आज जो विषय आम्ही मांडीत आहो तेथे भीतीहून बळकट अशी दुसरी गोष्ट आडवी येते. ती म्हणजे लाज.

आपल्या देशातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा क्रम लागतो. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांस हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याचे कारण एक विषाणू आहे, त्यास एचपीव्ही म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ या वर्षी या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे दोन मुख्य प्रकार रोगाच्या गाठीत दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वसाधारण आहे की संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांस तो केव्हा ना केव्हा स्पर्शून जातो. बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत तो आपोआप नाहीसाही होतो. थोड्या स्त्रियांच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो आणि दहा-पंधरा-वीस वर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवतो.

यावरून एक गोष्ट सर्वांनी, विशेषतः पुरुषवर्गाने, पक्की ध्यानात घ्यावी. पतिव्रता स्त्रीसही हा रोग होतो, कारण विषाणू पतीकडूनही येतो आणि पतीस त्याची यत्किंचितही कल्पना नसते. म्हणून हा रोग झाला यावरून कोणाच्या शीलाविषयी शंका घेणे हे अज्ञान तर आहेच, पण घोर अन्यायही आहे.

रोगाची लक्षणे सांगतो. पाळी नसताना रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ओटीपोटात व कमरेत सतत दुखणे. यांपैकी काहीही झाले तर आपल्याकडील स्त्री काय करते? ती दुखणे अंगावर काढते. आमच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या एका हुशार मुलीच्या आईचे असेच झाले. वर्षभर ती कोणाशी बोलली नाही. गणपतीस मुंबईहून आलेल्या जावेच्या ते लक्षात आले, तेव्हा तीस परळला नेले. तोवर रोग पसरला होता. पुढच्या शिमग्याच्या आत ती बाई गेली. मुलीने शाळा सोडली आणि धाकट्या दोन भावंडांसाठी चुलीपुढे बसली. त्या घरात पैसा होता, जाण्यायेण्यास गाडी होती, मुंबईस माणसे होती. नव्हता तो एक शब्द उच्चारण्याचा धीर.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आपला कोकणी चाकरमानी ज्या परळ-लालबागेत राहिला तेथेच ते उभे आहे. त्यामुळे आपल्या किती घरांनी आपला रोगी तेथे नेला आणि कोणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत महिनेच्या महिने काढले, हे आपण जाणताच. आमचे म्हणणे एवढेच की त्या वाटेवर उशिरा निघण्याऐवजी वेळेवर निघावे; आणि पुढच्या पिढीस तर त्या वाटेने जाण्याची पाळीच येऊ नये.

आता लसीविषयी. ही लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींस देणे सर्वांत हितावह होय, म्हणजे आमच्या हिशेबाने चौथी-पाचवी ते नववीतील मुली. एवढ्या लहान वयात का, असे आया विचारतात. घराची कौले आपण मृग लागण्यापूर्वी चाळतो, पाऊस आत आल्यावर नव्हे. विषाणूचा संपर्क होण्यापूर्वी लस दिली तरच तिचा पुरा उपयोग होतो आणि त्या वयात शरीर तीस उत्तम प्रतिसाद देते. मुलीच्या वर्तनाशी या गोष्टीचा काडीचाही संबंध नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्वाव्हॅक' या लसीस जुलै २०२२ मध्ये सरकारी परवानगी मिळाली. या वयाच्या मुलींस एक मात्राही पुरते असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. त्या निर्णयामागील पुराव्यांत भारतातील सुमारे १७ हजार मुलींच्या दीर्घ पाहणीचा मोठा वाटा आहे. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुली मोठ्या झाल्या, तेव्हा त्यांच्यात या कर्करोगाचा एकही रोगी सापडला नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच देशात सिक्कीमने २०१८ साली शाळाशाळांतून ही लस दिली आणि शेकडा नव्वदांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचविली.

लसीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणे, किंचित ताप येणे, क्वचित सुईच्या धसक्याने घेरी येणे एवढे होते. म्हणून टोचल्यावर मुलीस पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. गरोदर स्त्रीस ही लस देत नाहीत. काही मंडळी आंध्र आणि गुजरातमधील प्रकाराची आठवण काढतात. ती गोष्ट लपविण्यासारखी नाही. २००९ साली तेथे सुरू झालेली एक योजना, काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर, २०१० साली थांबविण्यात आली. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. दोष आढळला तो संमती घेण्याच्या रीतीत. काही ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. यातून घ्यावयाचा धडा असा की आईबापांस आधी समजावून सांगावे, त्यांचे प्रश्न ऐकावे आणि मगच मुलीचा दंड पुढे करावा.

मुलींचे झाले, पण आयांचे काय? लस झालेला रोग बरा करीत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने तपासणी करून घेतली पाहिजे, आणि लस घेतलेल्या मुलींनीही पुढे त्या वयात ती केली पाहिजे. या बाबतीत साऱ्या जगास धडा दिला तो आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांनी. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची पाहणी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने आणि टाटा रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साह्याने केली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटात विषाणूची तपासणी एकदाच केली गेली तेथे आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच संख्येच्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून याहूनही साधी रीत वापरली. सिरक्यात असते ते आम्ल पातळ करून लावावयाचे आणि मिनिटभराने डाग पांढरा होतो का ते पाहावयाचे. हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायकांनी केले आणि या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटले. मॅट्रिक झालेल्या माणसाच्या हातूनही केवढे काम होऊ शकते, हे वाचून आमच्यासारख्यास धन्यता वाटली!

जाता जाता आणखी दोन गोष्टी. यकृताच्या कर्करोगास कारण होणाऱ्या कावीळ 'ब' वर लस आहे आणि ती सरकारी लसीकरणात आहे. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत तिची पहिली मात्रा मिळाली की नाही, हे आजीने विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट मशेरीची. पहाटे उठून मशेरी लावल्यावाचून आपल्याकडील कित्येक बायकांचा दिवस उजाडत नाही आणि पुरुषांच्या खिशातील तंबाखूची पुडी तर सर्वश्रुत आहे. तोंडाच्या कर्करोगाचे ते मूळ होय, आणि त्यावर कोणतीही लस नाही. तेथे औषध आपल्याच हाती आहे.

आता ज्ञातीपुढे आमच्या चार विनंत्या. पहिली, संक्रांतीच्या हळदीकुंकवास गावोगाव एखाद्या स्त्री-डॉक्टरांस बोलवावे आणि तासभर फक्त बायकांतच बोलणे व्हावे. दुसरी, लसीची आणि तपासणीची सोय कोठे, कोणत्या वयास व कोणत्या दिवशी आहे, याची चौकशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मंडळाने करावी व ती घरोघर कळवावी. केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकी भाषणात या लसीकरणास उत्तेजन देण्याचे जाहीर केले आहे, त्याचा लाभ आपल्या मुलींस मिळावा. ज्या मुलीस विकत घ्यावी लागेल आणि परवडणार नाही, तिचा खर्च शिष्यवृत्ती निधीतून द्यावा. मात्र तिचे नाव या स्मरणिकेत छापू नये. तिसरी, मुंबई शाखेने रोग्यास घेऊन जाणारे दोन जाणते कार्यकर्ते नेमावेत. चौथी, वधूवरांच्या माहितीपत्रकात लस घेतली काय, असा रकाना कोणी घालू नये. मुलींच्या वाटेत अडथळे पुरेसे आहेत. औषधाचा आणखी एक अडथळा करावयाचा नाही.

विषाणू ज्ञात विचारीत नाही. तेव्हा शेजारच्या वाडीतील मुलगीही या कार्यात आपलीच समजावी.

आमच्या बालपणी शाळेत लस टोचणारा आला की आमची आजी आम्हांस माळ्यावर लपवीत असे. ती आमच्यावर प्रेम करीत होती म्हणूनच लपवीत असे. आपणही आपल्या लेकीबाळींवर तितकेच प्रेम करतो. फरक एवढाच की आपल्याला आता माहिती आहे. माहिती असून गप्प बसणारास आजीची सबब सांगता येणार नाही. आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येक आईने मुलीशी आणि प्रत्येक नवऱ्याने बायकोशी या विषयावर एक वाक्य जरी बोलले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.